कंपनीचा मालक बदलतोय? युनियनने या चुका टाळाव्यात

गेटवरचा बोर्ड एका रात्रीत बदलतो. सकाळच्या पाळीला आलेली पोरं नवं नाव वाचतात आणि थेट विचारतात, "भाऊ, आपल्या कराराचं काय?" वाळूजमध्ये युनियनचं काम करताना हा प्रश्न माझ्यापुढे अनेकदा आला. उत्तराआधी मी एकच गोष्ट विचारतो: विकलं काय? शेअर की कारखाना?

हे न विचारणं ही पहिली चूक, आणि सगळ्यात महाग पडणारीही

शेअर विकले गेले असतील तर तुमचा मालक बदललेलाच नाही. कायद्याच्या लेखी मालक म्हणजे ती कंपनी. तिचे शेअर पुण्याच्या माणसाकडे होते ते मुंबईच्या माणसाकडे गेले, एवढंच. करार तोच, सेवेची वर्षं तीच, युनियनची मान्यताही तीच. "आम्ही नवे आहोत, जुन्या कराराशी आमचा संबंध नाही" असं नवं व्यवस्थापन म्हणत असेल तर ते चूक आहे आणि तसं लेखी कळवायला कचरू नका.

कारखाना, यंत्रं, जागा असं सगळं दुसऱ्या कंपनीच्या नावे झालं असेल तर मात्र मालक खरंच बदलला. इथे आणखी एक घोळ होतो. मराठवाड्यात सहकारी साखर कारखाने भाडेतत्त्वावर चालवायला दिले जातात, तेव्हा कामगारांना सांगतात, "विकलेला नाही, भाड्याने दिलाय." कायद्यात मालकी किंवा व्यवस्थापन, यांपैकी काहीही हस्तांतरित झालं तरी कामगारांच्या भरपाईची तरतूद लागू होते. त्यामुळे 'भाड्याने' या शब्दावर गप्प बसू नका.

'विकलं काय?' याचं लेखी उत्तर मिळेपर्यंत पीएफचं पासबुक पाहत राहा. आस्थापनेचा कोड, म्हणजे कंपनीचा पीएफ क्रमांक, नवा दिसला तर सावध व्हा.

'भरपाई नाही' हे ऐकून घेऊन परत येणं

हस्तांतराच्या भरपाईच्या कायद्याचं मूळ आपल्याच रुळांवर आहे. लातूरला येणारी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी जुन्या माणसांना आठवत असेल. 1 जानेवारी 1954 ला सरकारने ती कंपनीकडून घेतली. कंपनीने कामगारांच्या सेवा संपवल्या, बहुतेकांना सरकारने पुन्हा कामावर घेतलं आणि भरपाईचं भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर 1956 मध्ये न्यायालयाने सांगितलं की ही कामगार कपात नव्हे, म्हणून कपातीची भरपाई नाही. त्यावर 1957 मध्ये संसदेने औद्योगिक विवाद कायद्यात हस्तांतराच्या भरपाईचं कलम 25 एफएफ आणलं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती तरतूद आहे.

एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला, कपात झाल्यासारखी, दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई. ती टाळायची तर तीन गोष्टी एकाच वेळी हव्यात: सेवेत खंड नको, सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी नकोत, आणि पुढे कपात झाली तर जुनी सेवा धरून भरपाई देण्याचं बंधन हस्तांतराच्या अटींनुसार नव्या मालकावर हवं. पहिल्या दोन सगळे पाहतात, तिसरी कोणी विचारत नाही. 18 वर्षं झालेल्या माणसाचा हिशेब 270 दिवसांच्या वेतनाचा. नव्या मालकाने सेवा शून्यापासून मोजली आणि दोन वर्षांत कपात केली तर हातात पडतील 30 दिवस. म्हणून विक्री करारातलं ते कलम दाखवा, अशी लेखी मागणी करा.

रांगेत उभं राहून सही करणं

एका कारखान्यात हे मी डोळ्यांनी पाहिलं. कँटीनच्या बाजूला टेबल टाकलेलं, प्रत्येकापुढे दोन कागद. वरचा नेमणुकीचा, सहा महिने प्रोबेशनसह. खालच्यावर एकच ओळ: 'मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे.' एक वयस्कर फिटर वरचा कागद उचलून खालचा वाचत बसला, तोवर मागचे लोक "चला ना काका" म्हणत होते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत निम्म्यांच्या सह्या झाल्या होत्या.

राजीनामा दिला की हस्तांतराचं संरक्षण मागायला जागाच उरत नाही. कामगाराला त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या मालकाकडे ढकलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येही सांगितलंय. सही झालीच असेल तर त्याच आठवड्यात सगळ्यांनी मिळून लेखी हरकत घ्या आणि प्रत कामगार आयुक्तालयात द्या. महिना गेला की 'स्वेच्छा' खोडून काढणं फार जड जातं.

केबिनमध्ये केलेला करार

कपाटातून करार काढा आणि शेवटचं पान बघा. समेट अधिकाऱ्याची, म्हणजे वाद मिटवायला सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याची, सही आहे का? समेट प्रक्रियेत झालेला करार मालकाच्या वारसांवर आणि उत्तराधिकाऱ्यांवरही बंधनकारक असतो. व्यवस्थापन आणि युनियनने परस्पर केलेला करार फक्त त्या दोघांपुरता. विक्री झाल्यावर हाच फरक वर येतो. नुसता शिक्का मारून आणलेलाही चालत नाही. अधिकाऱ्याच्या मदतीने आणि सहमतीने तडजोड झालेली हवी. विक्रीची कुणकुण लागली की वाद समेटात न्या आणि तिथेच सह्या करून घ्या. बोर्ड बदलल्यावर हे जमवणं फार अवघड.

मुदत संपलेल्या करारालाही मेलेला समजू नका. नवा करार होईपर्यंत जुन्याच्या शर्ती चालू राहतात, हे 1980 च्या एलआयसीच्या निकालात आलंय.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा अमेरिकन सल्ला

'नव्या मालकावर जुना करार बंधनकारक नाही' असा सल्ला फिरतो, तो तिकडचा. अमेरिकेत बर्न्स या सुरक्षा कंपनीच्या खटल्यातल्या 1972 च्या निकालापासून नियम असा: नव्या मालकाच्या कामगारांत जुने बहुसंख्य असतील तर त्याने युनियनशी वाटाघाटी करायच्या, पण जुना करार त्याच्यावर आपोआप बंधनकारक नाही. आपल्याकडे समेटातला करार बांधून ठेवतो. तिकडचा सल्ला वाचून आपला करार हातचा सोडू नका.

पीएफच्या थकबाकीला जुना आणि नवा दोघेही जबाबदार, नवा मालक त्याला मिळालेल्या मालमत्तेच्या किमतीपर्यंत. त्यामुळे "ते जुन्याला विचारा" हे उत्तर स्वीकारू नका.

पहिल्याच आठवड्यात लेटरहेडवर नव्या व्यवस्थापनाला पत्र द्या. कराराची तारीख, युनियनची मान्यता, सभासदांची यादी आणि प्रत्येकाची रुजू झाल्याची तारीख लिहा. आवक क्रमांकासह पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती फाइलला लावा.