खडी क्रशरच्या कन्व्हेयर बेल्टची नियमित देखभाल कशी करावी

क्रशरवरचा बेल्ट झिजून म्हातारा झाला आणि मग बदलला, असं क्वचितच घडतं. बहुतेक बेल्ट कापले जातात. एखादा रोलर जाम होतो, फिरत्या बेल्टखाली एकाच जागी घासून त्याचं पाइप पातळ होतं, मग फाटतं आणि त्याची धार बेल्टच्या पोटात शिरते. नाहीतर टेल ड्रम (माल पडतो त्या मागच्या टोकाचा ड्रम) आणि बेल्ट यांच्यामध्ये सापडलेली टोकदार खडी बेल्टला आतून भोसकते. म्हणून बेल्टची देखभाल म्हणजे खरं तर बेल्टला टेकणाऱ्या प्रत्येक वस्तूची देखभाल.

समजायला सोपं जावं म्हणून इथे काळ्या पाषाणाच्या क्रशरवर नेहमी दिसणारा एक कन्व्हेयर धरला आहे. रुंदी ६५० मिमी, पुढच्या टोकाच्या हेड ड्रमपासून टेल ड्रमपर्यंत ३० मीटर, चढ १८ अंश, वेग सेकंदाला १.८ मीटर. बेल्ट ईपी (पॉलिस्टर-नायलॉन कापडाचा) ६३०/४, वरचं रबर ५ मिमी, एम-२४ दर्जाचं. यातला ६३० हा आकडा बेल्टची ताकद सांगतो (रुंदीच्या दर मिलिमीटरला ६३० न्यूटन) आणि ४ म्हणजे आतल्या कापडाचे थर. एम-२४ मध्ये वरच्या रबराची ताणशक्ती २४ मेगापास्कल, एन-१७ मध्ये १७. धारदार खडीसाठी एन-१७ घेऊ नये. अशा कन्व्हेयरला बेल्ट सुमारे ६२ मीटर लागतो, म्हणजे एक फेरा ३४-३५ सेकंदांचा. हा आकडा पुढे उपयोगी पडेल.

आधी कुलूप

स्टॉप बटण दाबलं म्हणजे बेल्ट बंद झाला, एवढंच. तो दुसऱ्या कुणाकडून सुरू होऊ शकतो. मेन आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद करा, त्याला स्वतःचं कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा आणि ‘काम चालू आहे’ ही पाटी अडकवा. मग स्टार्ट बटण एकदा दाबून बेल्ट खरोखर हलत नाही ना, ते बघा. चढावरचा भरलेला बेल्ट वीज नसतानाही उलटा घसरू शकतो, त्यामुळे गिअरबॉक्सला किंवा व्ही-बेल्टला हात लावायचा असेल तर आधी पट्ट्यावरचा माल पूर्ण उतरवा.

धूळ लागू नये म्हणून तोंडाला गुंडाळलेला गमछा हा क्रशरवरचा रोजचा पोशाख. बेल्टजवळ तो नको. सेकंदाला १.८ मीटर धावणाऱ्या बेल्टने गमछ्याचं टोक ओढलं तर सोडवायला वेळ मिळत नाही. डस्ट मास्क वापरा. पुल-कॉर्ड (ओढून बेल्ट थांबवायची शेजारची दोरी) आठवड्यातून एकदा, रिकामा बेल्ट चालू असताना, दोन्ही बाजूंनी खरोखर ओढून बघा. बेल्ट थांबला पाहिजे आणि हाताने रिसेट केल्याशिवाय सुरू होता कामा नये.

रोजची फेरी

पंधरा मिनिटं पुरतात. अर्धी फेरी बेल्ट चालू असताना, जाळीच्या बाहेरून. टेलपासून हेडपर्यंत चालत जा आणि कान द्या. खरखर म्हणजे बेअरिंग गेलं आहे, बारीक शिट्टीसारखा आवाज म्हणजे बहुधा ते कोरडं पडलं आहे. आपल्या कन्व्हेयरवर १.२ मीटर अंतराने २५ स्टँड, प्रत्येकात तीन रोलर, म्हणजे वरचे ७५ रोलर, शिवाय परतीच्या बाजूला दर ३ मीटरला एक असे दहा. एवढ्यांत थांबलेला रोलर शोधायला एक सोपी युक्ती आहे: बेल्ट बंद असताना प्रत्येक रोलरच्या तोंडावर खडूने रेघ ओढा. ११४ मिमीचा रोलर या वेगाला मिनिटाला ३०० फेरे घेतो, त्यामुळे फिरत्या रोलरवरची रेघ दिसतच नाही. जिथे रेघ स्पष्ट दिसते तो जाम.

उरलेली फेरी कुलूप लावून. टेल ड्रमखाली साचलेला कच काढा. ढीग वाढून परतीच्या बेल्टला लागला की तो बेल्टवर पॉलिश पेपरसारखा काम करतो. चालू बेल्टखालून फावड्याने कच ओढणं ही क्रशरवरची सगळ्यांत घातक सवय आहे. ती एकदाही करू नये.

रोलर

थांबलेला रोलर त्याच दिवशी बदला, ‘रविवारी बघू’ नको. या आकाराच्या रोलरमध्ये सहसा २५ मिमीचा शाफ्ट आणि ६२०५ बेअरिंग असतं. ते सीलबंद असल्याने बाहेरून ग्रीस भरता येत नाही. बंद बेल्टखालचा रोलर हाताने फिरवून बघा. चांगला रोलर आवाज न करता फिरतो आणि हळूहळू थांबतो. खडखडत खूप वेळ फिरत राहिला, तर तो ‘मोकळा’ नाही, आतलं ग्रीस संपलं आहे. शाफ्ट वरखाली हलवल्यावर खेळ जाणवला तर रोलर काढा. माल पडतो तिथे रबराच्या कड्यांचे इम्पॅक्ट रोलर ३०० ते ४५० मिमी अंतरावर हवेत. तिथे साधा रोलर बसवून काम चालवलं तर प्रत्येक मोठा दगड बेल्टला दोन रोलरच्या मध्ये ठोकतो.

सुटे भाग म्हणून वरचे पाच-सहा, परतीचे दोन आणि इम्पॅक्टचे दोन रोलर जागेवर ठेवा. पावसात नाहीत, शेडमध्ये.

स्कर्ट रबर, स्क्रॅपर आणि नांगर

स्कर्ट (माल बाजूने सांडू नये म्हणून कडांना लावायचं रबर) म्हणून जुन्या बेल्टच्या पट्ट्या लावायची पद्धत सर्रास दिसते. ती मोडा. जुन्या बेल्टच्या कापडात खडीचे कण रुतून बसतात आणि तोच स्कर्ट नव्या बेल्टवर दोन सरळ चर पाडतो. बेल्टच्या कव्हरपेक्षा मऊ, कापडाचा थर नसलेलं रबर घ्या. ते बेल्टला जेमतेम टेकलं पाहिजे. त्यामागचा लोखंडी पत्रा बेल्टपासून टेलच्या बाजूला कमी आणि माल जातो त्या दिशेला थोडा थोडा जास्त उंच हवा, म्हणजे अडकलेला खडा पुढे सरकून आपोआप सुटतो. उलट उतार ठेवला तर खडा पाचरीसारखा घट्ट बसतो.

हेड ड्रमवरच्या स्क्रॅपरचं (चिकटलेला कच खरवडणाऱ्या भागाचं) पातं पूर्ण रुंदीवर सारखं टेकतं का ते आठवड्याला बघा. मधून झिजलेलं पातं कच सोडतं. तो कच परतीच्या रोलरवर बसतो, रोलर एका बाजूने जाड होतो आणि बेल्ट पळायला लागतो. टेल ड्रमच्या आधी, परतीच्या बेल्टच्या आतल्या बाजूवर टेकणारा व्ही आकाराचा नांगर नसेल तर आजच बसवून घ्या. सांडलेली खडी ड्रमखाली जाण्याआधी बाजूला फेकणारा हा एकमेव भाग आहे.

बेल्ट एका बाजूला पळतो तेव्हा

आधी कारण ओळखा, पाना नंतर. बेल्टचा ठराविक तुकडाच सगळीकडे बाजूला जात असेल, तर दोष बेल्टचा: सांधा वाकडा लागला आहे किंवा तो तुकडा एका कडेने ताणला गेला आहे. त्याला रोलर हलवून उपाय नाही. पूर्ण बेल्ट एकाच ठिकाणी बाजूला जात असेल, तर दोष त्या जागेच्या थोडा आधीच्या रोलरांत, फ्रेममध्ये किंवा माल मध्यावर पडत नसण्यात. माल भरल्यावरच बेल्ट पळतो, रिकामा सरळ चालतो? मग चूट (माल बेल्टवर सोडणारी घसरण) बघा.

नियम एकच: बेल्ट रोलरच्या ज्या टोकाला आधी टेकतो, त्या टोकाकडे जातो. बेल्ट उजवीकडे पळत असेल, तर रोलर स्टँडचं उजवं टोक बेल्टच्या चालीच्या दिशेने पुढे सरकवा.

१. ड्रम आणि रोलर स्वच्छ आहेत का बघा. चिकटलेला कच काढूनही बरेचदा बेल्ट सरळ होतो.

२. रिकाम्या बेल्टवर सुरुवात करा. आधी परतीची बाजू, हेडकडून टेलकडे. मग वरची बाजू, टेलकडून हेडकडे.

३. बेल्ट जिथे जास्त बाहेर जातो, त्याच्या आधीचे तीन-चार स्टँड प्रत्येकी २-३ मिमी सरकवा. एकच स्टँड २० मिमी तिरका करू नका, तो रोलर बेल्टला घासत राहतो.

४. दर वेळी कुलूप लावून बोल्ट सैल करा, सरकवा, घट्ट करा, मग चालू करा. तीन-चार फेरे जाऊ द्या, म्हणजे साधारण दोन मिनिटं. परिणाम लगेच दिसत नाही म्हणून घाईने अजून हलवलं की पुढे सगळं उलटं करत बसावं लागतं.

५. शेवटी माल टाकून तपासा.

टेल ड्रमवर बेल्ट ज्या बाजूला पळतो, त्या बाजूचा टेक-अप बोल्ट थोडा घट्ट केल्याने तो मध्ये येतो. पण टेक-अप हे ताणासाठी असतं. बेल्ट सरळ करायचं सगळं काम त्यानेच केलं की ड्रम तिरका होतो आणि बेल्टची एक कड कायमची ताणली जाते. फ्रेमवरच्या पक्क्या खुणेपासून शाफ्टच्या दोन्ही टोकांचं अंतर महिन्यातून एकदा मोजून नोंदवा.

ताण आणि घसरण

भरलेल्या बेल्टचा दोन स्टँडमधला झोळ अंतराच्या २ टक्क्यांच्या आत हवा, १.२ मीटरला २४ मिमी. बेल्ट घसरला की लगेच बोल्ट आवळायला धावू नका. ड्रम ओला आहे का, ड्रमवरच्या रबर लॅगिंगचे (आवरणाचे) चर झिजून गुळगुळीत झाले आहेत का, रोलर जाम आहेत का, चढ भरलेला असताना बेल्ट सुरू करावा लागतो आहे का, हे आधी बघा. ड्रमवर राळ किंवा डांबर टाकून काही तास निघतात आणि नंतर त्यावरच कचाचा थर बसतो. डिझेलने बेल्ट पुसणंही टाळा, तेलाने रबर फुगतं.

ग्रीस आणि गिअरबॉक्स

प्लमर ब्लॉकला (ड्रमच्या बेअरिंगच्या घराला) ‘बाहेर येईपर्यंत’ ग्रीस भरायचं, ही जुनी समजूत बेअरिंग जाळते. जास्त ग्रीस आत घुसळलं जाऊन तापतं. एका वेळचं प्रमाण ग्रॅममध्ये काढायचं सूत्र: बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिमीत, गुणिले ०.००५. हेड ड्रमचं बेअरिंग २२२१६ असेल, तर १४० × ३३ × ०.००५, म्हणजे साधारण २३ ग्रॅम. ग्रीस गनचे दहा दाब कागदावर काढून वजन करा, म्हणजे एका दाबाला किती निघतं ते कळेल. निप्पल आधी पुसा, नाहीतर ग्रीसबरोबर दगडाची भुकटीही आत जाते. लिथियम ग्रीस चालतं, पण वेगवेगळ्या जातींची ग्रीस मिसळू नका.

गिअरबॉक्सचं तेल बंद अवस्थेत काचेतून बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे, तेल बदला. सीलमधून तेल गळत असेल, तर सील बदलण्याआधी ब्रीदर (हवा जायचं छिद्र) साफ करा. धुळीने तो बुजला की आतला दाब तेल सीलमधून बाहेर ढकलतो.

व्ही-बेल्टचा ताण: दोन पुलींच्या मधल्या मोकळ्या अंतराच्या दर मीटरला १६ मिमी दाब, स्प्रिंग काट्याने ओढून. शाफ्टवर बसणाऱ्या गिअरबॉक्सला हा ताण टॉर्क आर्मच्या रॉडने देता येतो. एक तुटला तर पूर्ण सेट बदला. नव्या-जुन्याची सरमिसळ केली की सगळा भार नव्यावर येतो.

मोटरची वायर काढून पुन्हा जोडली असेल, तर व्ही-बेल्ट चढवण्याआधी मोटर नुसती चालवून दिशा तपासा. फेज उलटा लागला आणि बेल्ट चढलेले असले, तर उलट फिरणं रोखणारा होल्डबॅक मोटरच्या पूर्ण जोराने तुटतो.

बेल्ट आणि सांधा

महिन्यातून एकदा बंद बेल्टच्या परतीच्या सपाट भागाला खालून (तिथे वरचं रबर खाली असतं) स्टीलची पट्टी आडवी टेकवा. कडांना टेकून मध्ये जी फट दिसते ती वरच्या रबराची झीज. ५ मिमीपैकी मध्ये एक-दीड मिमी उरलं की नवा बेल्ट मागवा. कापड उघडं पडल्यावर पाणी थरांत शिरतं आणि थर सुटायला लागतात. लहान चिरा दिसल्या त्याच आठवड्यात कोल्ड पॅचने बुजवा.

सांध्याची कड उचललेली दिसली तर ती चाकूने छाटून वेळ मारून नेऊ नका. स्क्रॅपरचं पातं तिथेच अडकतं. नवा सांधा करताना बेल्टची बाजू गुण्यात (काटकोनात) आहे असं गृहीत धरू नका: टोकापासून ५ मीटरपर्यंत पाच-सहा ठिकाणी रुंदीचा मध्य काढा, त्यातून दोरा ओढा आणि काटकोन त्या दोऱ्यावरून घ्या. कोल्ड सांध्याला (गरम न करता चिकटवलेल्या) सोल्युशनच्या डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण द्या, पावसाळी दमट हवेत घासलेला पृष्ठभाग आधी गरम हवेने कोरडा करा आणि चालू केल्यावर पहिला अर्धा तास बेल्ट रिकामा फिरवा.