दिवाळी अंकाला कथा पाठवायचीय? मग आधी या सवयी सोडा
१९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक आला, तेव्हापासून मराठीत नवीन लेखकाला शिरायला हे एक दार आहे, पण आपण काय करतो, गणपती गेले की कथा आठवते. तोवर बहुतेक अंकांची जुळवाजुळव झालेली असते, त्यामुळे पहिला खर्डा मे महिन्यातच पाडून टाका, कसाही असू दे.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे पहिलाच पॅरा घासत बसणं. मी एकदा "पाऊस पडत होता"चं "पावसाची रिपरिप चालू होती" केलं, मग "आभाळ गळत होतं", मग परत "पाऊस पडत होता", तीन रविवार गेले आणि कथेतली बाई अजून एसटीत चढलीच नव्हती! यावर उपाय एकच, मागचं वाचायचंच नाही, एखादा शब्द आठवेना तर तिथे फुली मारायची आणि पुढे जायचं.

अर्धवट कथा व्हॉट्सॲप ग्रुपवर पण टाकू नका. पाच अंगठे, दोन फुलं आली की वाटतं झालं काम, आणि शेवट राहतो तो राहतोच. एकाच माणसाला दाखवा, जो तोंडावर "मधे कंटाळा आला रे" म्हणेल.

संवाद मोठ्याने वाचून बघा. "मी तुझी प्रतीक्षा करीत होते" असं तुमच्या घरात कोणी बोलतं का? "कधीची थांबलेय" लिहा की.

नवीन डायरी, नवीन पेन, नवीन ॲप... जाऊ दे, त्यावर मी बोलायला नको. पाठवताना मात्र वहीच्या पानांचे फोटो नकोत, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर-कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा मराठीत टाइप करा, आणि तीच कथा एकाच वेळी चार संपादकांकडे ढकलू नका.