पार्टिशन अलाइनमेंट कशी तपासावी, कशी सुधारावी

नवी एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) टाकूनही मशीन रखडतंय म्हटलं की इंदूरच्या जेल रोडवर एकच सल्ला मिळतो: फॉरमॅट मारा. त्याआधी पार्टिशन, म्हणजे डिस्कचा सी, डी असा आखलेला भाग, नेमकं कुठून सुरू होतं ते बघा. ही सुरुवात डिस्कच्या आतल्या कप्प्यांशी जुळणं म्हणजेच अलाइनमेंट.

विंडोजच्या सर्चमधून ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा आणि कंपोनंट्स, स्टोरेज, डिस्क्स असं आत जा. ‘पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट’समोर बाइट्समधला आकडा असतो. त्याला ४०९६ ने भागा. नि:शेष भाग गेला तर प्रश्न मिटला. १०,४८,५७६ म्हणजे १ एमबी. व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोज सहसा इथूनच सुरुवात करतं. ३२,२५६ दिसलं तर दुखणं सापडलं. जुनं विंडोज एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ क्रमांकाच्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कचा सर्वात छोटा कप्पा, तेव्हा ५१२ बाइट्सचा) करत असे, आणि ६३ गुणिले ५१२ म्हणजेच ३२,२५६. सी बघून थांबू नका, डी आणि ई यांचेही आकडे बघा.

२०१० च्या सुमारास हार्ड डिस्कचे सेक्टर ५१२ वरून ४०९६ बाइट्सचे होऊ लागले, पण बाहेर डिस्क ५१२ च सांगत राहिली. विंडोज फायली ज्या तुकड्यांत ठेवतं तो एनटीएफएसचा क्लस्टरही साधारण ४०९६ चाच असतो. सुरुवात चुकली की तो दोन सेक्टरांवर आडवा पडतो. मग एक क्लस्टर लिहायला डिस्क आधी दोन्ही सेक्टर वाचते, त्यात बदल करते आणि तबकडी फिरून परत हेडखाली येईपर्यंत थांबते. ७२०० आरपीएमला हा एक फेरा सुमारे ८.३ मिलिसेकंदांचा. म्हणून मोठी फिल्म कॉपी करून ‘स्पीड तर ठीक आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. मार बसतो तो बारीकसारीक फायलींना आणि डेटाबेसला.

फिरत्या डिस्कचं आयुष्य यामुळे निम्मं होतं असं कोणी सांगितलं तर सोडून द्या, तिचा वेळ जातो. एसएसडीची मात्र खरोखर झीज होते. तिचे सेल ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतात, आणि इथे एकाऐवजी दोन जागा लिहाव्या लागतात.

खरी कसोटी क्लोनच्या, म्हणजे एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसरीवर उतरवण्याच्या वेळी. एखाद्या छापखान्यात जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरपायी अजून एक्सपी टिकून असतं. डिस्क कुरकुरायला लागली की कोणीतरी ती सेक्टर-बाय-सेक्टर एसएसडीवर उतरवतो आणि ६३ चा दोष जसाच्या तसा तिकडे जातो. मग फॉरमॅट मारतात. फॉरमॅटनं काहीही होत नाही! फॉरमॅट पार्टिशनच्या आत चालतं, त्याची सुरुवात हलवत नाही.

अख्खी डिस्क क्लोन करू नका. नवी एसएसडी विंडोज १० च्या मशीनला लावून डिस्क मॅनेजमेंटमध्ये एमबीआर (एक्सपीला चालणारी जुनी मांडणी) पार्टिशन करा, ते ॲक्टिव्ह करा, आकडा तपासा आणि मगच जुन्या डिस्कवरचं फक्त पार्टिशन त्यात उतरवा. बूट झालं नाही तर एक्सपीच्या सीडीवरून रिकव्हरी कन्सोलमध्ये फिक्सएमबीआर आणि फिक्सबूट चालवा. एक्सपी नव्याने टाकत असाल तर सेटअपमध्ये हे तयार पार्टिशनच निवडा. डिलीट केलंत की स्वारी परत ६३ वर.

जीपार्टेड या पार्टिशनच्या सॉफ्टवेअरने पार्टिशन जागेवरच सरकवता येतं, ‘अलाइन टू’मध्ये एमआयबी निवडून. ग्राहकाच्या एकुलत्या एका डिस्कवर मी हे कधीच करत नाही. सगळा डेटा उचलून पुढे ठेवायला तासन्‌तास लागतात आणि मध्येच वीज गेली तर पार्टिशन गेलंच समजा. जूनमधल्या वादळी संध्याकाळी तर हा उद्योग नकोच. दहा-पंधरा मिनिटांच्या यूपीएसवर भिस्त ठेवू नका. इन्व्हर्टर हवा, आणि बॅकअप त्याआधी.

शेवटची गोम जंपरची. वेस्टर्न डिजिटलच्या सुरुवातीच्या ४०९६ वाल्या काही डिस्कवर एक्सपीसाठी ७-८ पिनांवर जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) लावत. तो सगळे सेक्टर आतल्या आत एकाने सरकवतो. तो तसाच ठेवून नव्या विंडोजने पार्टिशन केलं तर आकडा अगदी बरोबर दिसतो आणि डिस्क तरी रखडते. जंपर काढा, पण आधी डेटा दुसरीकडे हलवा. जंपर निघाला की जुनं पार्टिशन दिसेनासं होतं.