लिनक्स बूट होत नाही म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका, या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून ओळखीतल्या लोकांचे जुने लॅपटॉप माझ्याकडे यायचं प्रमाण चांगलंच वाढलंय. आठ-नऊ वर्षं जुना लॅपटॉप, विंडोज ११ त्यावर चढत नाही, मग कोणीतरी सांगतं लिनक्स मिंट टाक नाहीतर उबंटू टाक, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट लिनक्स सिस्टिम. सल्ला बरोबर आहे, मीही तोच देतो. पण काही बिघडलं की बहुतेक जण एकच करतात, पेनड्राइव्ह लावायचा आणि पहिल्यापासून सगळं इन्स्टॉल करायचं. त्यात डेटा जातो, दिवस जातो आणि मूळ कारण तसंच राहिल्यामुळे पंधरा दिवसांनी परत तेच.

माझ्या मावसभावाचं उदाहरण सांगतो. त्याच्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, चार्जरवरच चालायचा, एका दुपारी लाईट गेली आणि लॅपटॉप धाडकन बंद पडला. परत चालू केला तर काळी स्क्रीन, वर बिझीबॉक्स असं लिहिलेलं आणि खाली कंसात इनिटरामएफएस. दुकानात नेला तर त्यांनी सांगितलं हार्डडिस्क गेली, नवीन घालावी लागेल, आणि याने घातली पण. मुलीच्या बारशापासूनचे फोटो गेले म्हणून घरात सगळे हळहळत होते. नशिबाने जुनी डिस्क कपाटात ठेवलेली होती. मी ती केबलने माझ्या लॅपटॉपला जोडली, आधी तिची तब्येत तपासली, ठणठणीत निघाली, मग एफएससीके (डिस्कवरच्या नोंदी तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवलं आणि पाच मिनिटांत सगळे फोटो समोर. डिस्कला काहीच झालं नव्हतं, लाईट गेली तेव्हा फाइलसिस्टिमच्या, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याच्या, नोंदी अर्धवट राहिल्या होत्या एवढंच.

म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, आधी गाडी कुठल्या स्टेशनवर अडकलीय ते बघा.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंत कामं ठरलेल्या क्रमाने होतात. पहिल्यांदा बायोस म्हणजे आजकालचं यूईएफआय, ते रॅम आणि डिस्क तपासतं. मग ग्रब म्हणजे कुठली सिस्टिम चालू करायची ते विचारणारा मेनू, ते कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा लोड करतं. कर्नल उठलं की इनिटरामएफएस नावाची छोटी तात्पुरती सिस्टिम खरी डिस्क शोधून जोडते. मग सिस्टिमडी एकेक सर्व्हिस चालू करतं आणि शेवटी ग्राफिक्स आणि लॉगिन स्क्रीन. कंपनीचा लोगोच आला नाही तर लिनक्सचा काही संबंध नाही, रॅम नाहीतर पॉवर बघा. लोगो आला आणि बूटेबल डिव्हाइस सापडत नाही म्हणाला तर डिस्क दिसत नाहीये नाहीतर बूट ऑर्डर बदललीय. ग्रब रेस्क्यू असं आलं तर ग्रबला स्वतःच्या फाइल्स सापडत नाहीयेत, बहुतेक वेळा विंडोजमधून कोणीतरी अनोळखी दिसतंय म्हणून लिनक्सचं पार्टिशन (डिस्कचा त्याच्यासाठी राखलेला भाग) उडवलेलं असतं किंवा पार्टिशन मागेपुढे केलेली असतात. मेनू आला आणि त्यानंतर अडकलं तर कर्नल, ड्रायव्हर किंवा फाइलसिस्टिम. एवढं नीट बघितलं तरी अर्धं काम झालं.

आणि बघायचं म्हणजे खरंच बघायचं. तो फिरणारा लोगो असतो ना, त्याच्यामागे सगळे मेसेज लपलेले असतात. एस्केप दाबून बघा. नाहीच दिसले तर ग्रबच्या मेनूत ई दाबा, लिनक्स शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतून क्वाएट आणि स्प्लॅश हे दोन शब्द काढा आणि एफ १० दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, घाबरायचं कारण नाही. शेवटच्या ओळींचा मोबाईलने फोटो काढून ठेवा. ग्रबचा मेनूच दिसत नसेल तर लोगो गेल्या गेल्या एस्केप, जुन्या बायोसवाल्या लॅपटॉपवर शिफ्ट दाबून धरा.

इनिटरामएफएस दिसलं की डिस्क गेली असं समजणं

वरच्या किश्शातली हीच चूक. तिथे नुसतं एक्झिट टाइप करून एंटर मारा, बऱ्याचदा तोच सांगतो की अमुक पार्टिशनवर एफएससीके हाताने चालवा, पार्टिशनचं नावही देतो, एसडीए२ वगैरे. मग एफएससीके, स्पेस, ते पार्टिशन, आणि सगळ्या प्रश्नांना हो म्हणायला शेवटी वजा वाय. पण त्याआधी एक गोष्ट करा जी जवळपास कोणी करत नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरच चालणाऱ्या लिनक्सने) बूट करून डिस्क्स नावाच्या ॲपमध्ये स्मार्ट डेटा म्हणजे डिस्कच्या तब्येतीची नोंद बघा. रीअलोकेटेड सेक्टर किंवा करंट पेंडिंग सेक्टर (डिस्कवरच्या खराब किंवा संशयास्पद जागा) समोरचा आकडा वाढत चालला असेल तर डिस्क खरंच मरायला टेकलीय, अशा डिस्कवर दुरुस्ती चालवायची नाही, आधी डेटा बाहेर काढायचा, शक्य असेल तर डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची कॉपी घ्यायची आणि दुरुस्ती त्या कॉपीवर करायची. डेस्कटॉप पीसी असेल आणि यूडीएमए सीआरसी एरर वाढत असतील तर डिस्क बिचारी बरी असते, साटाची म्हणजे डिस्क जोडायची केबल सैल किंवा खराब असते, ती बदलून बघा. आणि चालू असलेल्या, माउंट केलेल्या म्हणजे सिस्टिमला जोडलेल्या पार्टिशनवर एफएससीके कधीच चालवू नका, असलेला डेटा खराब होईल.

बायोसमध्ये शिरून वाट्टेल ते बदलणं

इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही ही तक्रार खूप येते. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर स्टोरेज आरएसटी किंवा रेड या खास मोडमध्ये असतं, इन्स्टॉलरला एनव्हीएमई डिस्क (नव्या प्रकारची एसएसडी) सापडत नाही, ते बायोसमध्ये एएचसीआय या साध्या मोडवर करावं लागतं. लोक सरळ बदलतात आणि मग विंडोज उठत नाही म्हणून रडत येतात. आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट चालू करा, मग बायोसमध्ये मोड बदला, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उठू द्या आणि मग सेफ बूट काढून टाका. त्याच्याही आधी बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, डेटाला लावलेलं कुलूप, चालू आहे का बघा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन पहिल्यापासूनच चालू असतं आणि मालकाला पत्ता नसतो, बायोसची सेटिंग बदलली की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, ती की तुमच्याकडे नसेल तर डेटा कोणीच काढून देऊ शकत नाही. ती आधी कागदावर लिहून घ्या, खरंच कागदावर.

विंडोजचं फास्ट स्टार्टअप पण बंद करा. ते चालू असलं की शटडाऊन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं, मग लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही आणि लोकांना वाटतं लिनक्सने ड्राइव्ह लॉक केला.

यूईएफआय आणि लेगसी म्हणजे जुन्या बायोसची पद्धत, यांचा घोळ वेगळाच. बूट मेनूमध्ये एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकाच्या आधी यूईएफआय लिहिलेलं असतं. विंडोज यूईएफआयमध्ये असेल तर लिनक्सही त्याच नोंदीवरून इन्स्टॉल करा, नाहीतर दोन्ही सिस्टिम एका मेनूत कधी भेटणारच नाहीत.

सिक्युअर बूट म्हणजे सही असलेलीच सिस्टिम चालू होऊ देणारी बायोसची सेटिंग, तिच्याबद्दल दोन टोकाचे सल्ले मिळतात. उबंटू आणि मिंट ते चालू असतानाही बूट होतात, त्यामुळे उगीच बंद करायची गरज नाही. पण ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर ड्युअल बूटवाल्या (विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या) कितीतरी लोकांचं लिनक्स उठेना, स्क्रीनवर शिम, एसबीएटी आणि सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन असं यायचं. तेव्हाही कित्येकांनी लिनक्स पुसून परत टाकलं. खरं तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्समध्ये शिरता येत होतं आणि आतून दुरुस्ती करता येत होती.

काळी स्क्रीन म्हणजे ग्राफिक्स कार्ड गेलं?

नाही हो. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर हे इन्स्टॉलच्या पहिल्याच दिवशी होऊ शकतं. ग्रबमध्ये ई दाबून त्याच लिनक्सच्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट हा शब्द टाका, स्क्रीन जरा ओबडधोबड दिसेल पण दिसेल. मग ड्रायव्हर मॅनेजरमधून रेकमेंडेड लिहिलेला ड्रायव्हर टाका. इथे पुढची चूक होते. सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना तो एक पासवर्ड ठेवायला सांगतो आणि रीस्टार्ट झाल्यावर निळी स्क्रीन येते, त्यात एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. ती स्क्रीन थोडाच वेळ थांबते, लोक चहा घ्यायला उठतात नाहीतर घाबरून कंटिन्यू बूट दाबतात, मग ड्रायव्हर लोडच होत नाही. चार्जर लावून समोर बसून करा हे काम. आणि ड्रायव्हर एनव्हिडियाच्या साइटवरून डाउनलोड करून टाकू नका, पुढचं कर्नल अपडेट आलं की परत काळी स्क्रीन यायची शक्यता असते.

अपडेटनंतरच बिघडलं असेल तर ग्रबच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुनं कर्नल असतं, ते निवडून बघा. एवढ्या सोप्या उपायाने कितीतरी लॅपटॉप माझ्यासमोर उठलेत.

पासवर्ड बरोबर आहे तरी परत लॉगिनवरच येतं

पहिला संशय, डिस्क भरलीय. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ एकदम दाबा, काळ्या स्क्रीनवर नाव-पासवर्ड टाकून आत शिरा आणि डीएफ वजा एच चालवा. मूळ पार्टिशनसमोर १०० टक्के दिसलं की कारण सापडलं. मिंटवर बऱ्याचदा टाइमशिफ्ट या बॅकअपच्या ॲपचे स्नॅपशॉट त्याच डिस्कवर साठून जागा खातात. टाइमशिफ्ट फार चांगलं आहे, मी प्रत्येकाला चालू करून देतो, पण किती स्नॅपशॉट ठेवायचे ते ठरवून द्या, सगळे हवेत असा आग्रह नको. डिस्क एन्क्रिप्ट करून उबंटू टाकलं असेल तर बूटचं वेगळं छोटं पार्टिशन असतं, ते जुन्या कर्नलनी भरतं आणि अपडेट मध्येच अडकतं. त्यातल्या फाइल्स हाताने डिलीट करू नका, एपीटी ऑटोरिमूव्ह चालवा, ते चालू कर्नलला हात लावत नाही. जागा असूनही लॉगिन होत नसेल तर होम फोल्डरमधली एक्सऑथॉरिटी नावाची लपलेली फाइल रूटच्या म्हणजे मुख्य ॲडमिनच्या नावावर गेलीय का बघा, सुडो (ॲडमिनचे अधिकार देणारी कमांड) लावून खिडकीवाले प्रोग्रॅम चालवायची सवय असली की असं होतं.

एफएसटॅब म्हणजे बूट होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी असलेली फाइल, तिचं थोडक्यात सांगतो. जास्तीची डिस्क आपोआप जोडली जावी म्हणून लोक त्या फाइलमध्ये ओळ टाकतात, मग कधीतरी ती डिस्क काढतात, आणि बूट होताना दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोड येतो. रूटचा पासवर्ड मागितला तर तो द्यायचा, ती ओळ काढायची किंवा तिच्या पुढे हॅश लावायचा. पुढच्या वेळी ओळ टाकतानाच नोफेल हा पर्याय लिहा, म्हणजे डिस्क नसली तरी बूट अडत नाही.

वायफाय चालत नाही म्हणून लिनक्सलाच रामराम

ब्रॉडकॉम आणि रियलटेकच्या काही चिपचं हे जुनं दुखणं आहे. ड्रायव्हर टाकायला इंटरनेट पाहिजे आणि इंटरनेटला ड्रायव्हर, इथेच लोक अडकतात. अँड्रॉइड मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, सहसा लगेच नेट येतं, मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा. त्याआधी आरएफकिल लिस्ट चालवून बघा, कधीकधी कीबोर्डवरच्या विमानाच्या बटणाने वायफाय बंद झालेलं असतं आणि बाकी सगळं ठीक असतं. डेबियन हे आणखी एक लिनक्स वापरणाऱ्यांसाठी, २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून फर्मवेअर (अशा चिपला लागणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्येच मिळतं, त्यामुळे जुनी आयएसओ म्हणजे इन्स्टॉलरची फाइल वापरत असाल तर आधी ती बदला.

घड्याळ साडेपाच तासांनी चुकतं हा खास आपल्याकडचा आकडा. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. टाइमडेटसीटीएल या कमांडने लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की भांडण मिटतं. पण तारीखच काही वर्षं मागे जात असेल तर सीमॉसचा म्हणजे मदरबोर्डवरचा छोटा सेल संपलाय, बहुतेक ठिकाणी सीआर २०३२ असतो. हा साधा सेल फार फसवतो, कारण तो संपला की बायोसची सेटिंगही मूळपदावर जातात, एएचसीआयचं परत रेड होतं, आणि काल चालणारा लॅपटॉप आज डिस्क नाही म्हणतो.

दरवेळी वेगळीच एरर येत असेल, कधी इन्स्टॉल अर्ध्यात तुटतं, कधी डाउनलोड केलेल्या फाइलचा चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते तपासायचा आकडा) जुळत नाही, कधी चालताचालता सगळं गोठतं, तर सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका, रॅम तपासा. काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसा, नीट बसवा, आणि रात्रभर मेमटेस्ट लावून झोपा. एक जरी लाल ओळ आली तरी ती पट्टी बदला.

गोठलं तर पॉवरचं बटण दाबून धरायची घाई पण नको. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीनचं बटण धरून ठेवून सावकाश एस, यू, बी दाबा, मध्ये दोन-तीन सेकंद थांबत. डिस्कवरचं लिहिणं पूर्ण होतं, मग रीस्टार्ट होतो.

आणि मदत मागताना "लिनक्स चालू होत नाय, अर्जंट" एवढंच लिहू नका. लॅपटॉपचं मॉडेल, कुठलं लिनक्स आणि कितवी आवृत्ती, विंडोज सोबत आहे का, बंद पडायच्या आधी शेवटचं काय केलं होतं, आणि तो स्क्रीनचा फोटो, एवढं पाठवा. आत शिरता येत असेल तर जर्नलसीटीएल वजा बी वजा १ चालवा, त्यात आधीच्या बूटची सगळी नोंद मिळते, तिच्यातल्या शेवटच्या तीस-चाळीस ओळी पण जोडा.