घरची जनावरे आणि हद्दीचे नियम: बेळगाव सीमाभागातील पशुपालकांसाठी

बेळगाव सीमाभागात कुत्रा, म्हैस किंवा बैलजोडी पाळणाऱ्याने सर्वांत आधी आपले घर कोणाच्या हद्दीत येते, हे पक्के करून घ्यावे. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी हे भाग महानगरपालिकेत येतात व तेथे १९७६ चा कर्नाटक महानगरपालिका कायदा चालतो. कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्डाचे नियम लागू होतात. निपाणी आणि खानापूरला १९६४ चा नगरपालिका कायदा लागू आहे. तर येळ्ळूर, उचगाव, कडोली यांसारख्या गावांत १९९३ च्या पंचायत राज कायद्याखाली ग्रामपंचायत कारभार पाहते. गोठ्याची परवानगी, कुत्र्याची नोंद, त्याचे शुल्क आणि दंड ही सारी त्या त्या कार्यालयाची बाब असल्यामुळे शेजारच्या हद्दीतील ऐकीव माहितीवर विसंबू नये. घरपट्टीची पावती ज्या कार्यालयाची, तेथेच चौकशी करावी. गावात असाल तर पीडीओंना, म्हणजे ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना भेटावे.

कुत्रा पाळणाऱ्याची जबाबदारी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी स्पष्ट केली आहे. पाळीव जनावराचे जंतनाशन, लसीकरण व निर्बीजीकरण मालकानेच करून घ्यायचे असते. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची पहिली लस द्यावी, पुढचा डोस पशुवैद्य सांगतील त्या वेळी द्यावा आणि त्यानंतर दरवर्षी लस चुकवू नये. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत बहुधा मोफत लसीकरण होते. लसीचे कार्ड घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवावे, कारण नोंदणीच्या वेळी आणि तक्रार झालीच तर तेव्हाही सर्वांत आधी तेच मागितले जाते.

दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा रात्री जेवणानंतर गल्लीत मोकळा सोडण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे आणि ती बंद झालीच पाहिजे. यात दोन्ही बाजूंनी नियमभंग होतो. कुत्र्याला सतत बांधून ठेवणे, आखूड किंवा जड साखळी वापरणे, त्याला फिरायला न नेणे हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. आणि मोकळा सोडलेला कुत्रा कोणाला चावला, तर जनावराबाबत निष्काळजीपणा केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सकाळ-संध्याकाळ पट्टा हातात धरून फिरवून आणणे एवढाच याला उपाय आहे, आणि तो पट्टा धरणारा माणूस कुत्र्याला आवरू शकेल असा असावा. मुधोळसारख्या चपळ शिकारी जातीचा कुत्रा लहान मुलाच्या हाती देऊ नये.

कुत्रा चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तीवर हळद, चुना, तिखट असे काहीही लावू नये आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करावी. चावणारा कुत्रा घरचा असेल तर मालकाने तो लपवू नये किंवा दूर नेऊन सोडू नये. त्याला दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवावे आणि वागण्यात, खाण्यापिण्यात फरक दिसताच पशुवैद्यांना कळवावे. चावा बसलेल्या माणसाचे प्राण यावर अवलंबून असतात.

गुरांच्या बाबतीत खरी भांडणे सुगीनंतर होतात. भाताची कापणी झाली की शिवार मोकळे झाले असे समजून गुरे सोडली जातात, पण त्याच भाताच्या ओलीवर शेजाऱ्याने मसूर किंवा वाटाणा पेरलेला असतो आणि वीतभर वाढलेले ते पीक एका रात्रीत फस्त होते. अशा वेळी नुकसान झालेल्या शेतकऱ्याने जनावराला मारहाण करू नये. जनावर ठार मारणे किंवा जायबंदी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. १९६६ च्या कर्नाटक गुरे अतिक्रमण कायद्यानुसार पिकात शिरलेले गुरू धरून विनाविलंब कोंडवाड्यात देता येते. मालकाने ठरलेला दंड व वैरणपाण्याचा खर्च भरून ते सोडवून न्यायचे असते, आणि मालक फिरकलाच नाही तर लिलाव होतो. पिकाची भरपाई हवी असल्यास खाल्लेल्या पिकाचे आणि खुरांच्या ठशांचे फोटो काढावेत व नांगर घालण्यापूर्वी पंचांसमक्ष पंचनामा करून घ्यावा. कोंडवाडा पडीक असलेल्या गावांत आधी पीडीओंकडे लेखी तक्रार द्यावी. पुणे-बेंगळूरू महामार्गालगतच्या गावांनी तर जास्तच जपावे, कारण महामार्गांवरील मोकाट जनावरे हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे.

गाय, म्हैस, बैल यांच्या कानात बारा अंकी बिल्ला मारून घ्यावा. लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी त्याच क्रमांकावर नोंदवली जाते आणि हरवलेले जनावर आपलेच असल्याचा तो उत्तम पुरावा ठरतो. जनावर आजारी असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरता दवाखाना बोलावता येतो. शहरातील गोठ्याचे शेणमूत गटारात सोडू नये. शेळ्या-कोंबड्यांच्या घाणीलाही हाच न्याय लागू आहे. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या आसपास गुरे असतील तर आणखी एक नियम पाळावा लागतो. वन्यजीव कायद्याच्या कलम ३३-अ नुसार अभयारण्यापासून पाच किलोमीटरच्या आतील गुरांचे लसीकरण केले जाते, आणि लस न दिलेले जनावर अभयारण्यात नेता किंवा चारता येत नाही.

सीमाभागातील माणसाला सर्वांत जास्त घोर जनावरांच्या ने-आणीचा असतो. कोगनोळीमार्गे किंवा शिनोळीच्या वाटेने बैल, म्हैस आणताना-नेताना दोन राज्यांचे दोन कायदे आड येतात. कर्नाटकाच्या २०२० च्या कायद्यात गाय, वासरू, वळू, बैल यांच्याबरोबर तेरा वर्षांखालील म्हैस व रेडाही कत्तलबंदीखाली येतात आणि कत्तलीसाठी तीन ते सात वर्षे कैद सांगितली आहे; महाराष्ट्राच्या कायद्यात गाय, वळू व बैल यांची कत्तल बंद आहे, म्हशीला ती बंदी नाही. शेतीसाठी किंवा दुधासाठी जनावर नेण्यास मनाई नाही, परंतु ते तशाच कामासाठी नेत असल्याचे दाखवता आले पाहिजे. म्हणून बाजारातील खरेदीची पावती, पशुवैद्यांचा दाखला, बिल्ल्याचा क्रमांक आणि शेताचा उतारा गाडीतच ठेवावा, वाहतुकीची परवानगी लागते का हे निघण्यापूर्वी तालुक्याच्या पशुवैद्यकीय कार्यालयात विचारावे, आणि गाडीत जनावरे दाटीने कोंबू नयेत.

कार्यालयाकडून नोटीस आली तर ती बहुधा कन्नडमध्ये असते. मजकूर जाणकाराकडून शब्दन् शब्द वाचून घेतल्याशिवाय जबाबावर सही करू नये. ज्या तारखेला नोटीस हाती आली ती तारीख तीवरच लिहून ठेवावी, मुदतीच्या आत लेखी उत्तर द्यावे, सोबत लसीच्या कार्डाची प्रत जोडावी, आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घेऊनच कार्यालयातून बाहेर पडावे.