अमेरिकेचा अर्ली फॉर्म कुठे भरायचा? आधी घरचा हिशेब मांडा

अमेरिकेतल्या विद्यापीठांत पदवीच्या प्रवेशासाठी नेहमीच्या मुदतीआधी अर्ज भरायचे दोन मुख्य प्रकार: अर्ली डिसिजन आणि अर्ली अ‍ॅक्शन. अर्ली डिसिजनचा फॉर्म एकाच विद्यापीठाला भरता येतो आणि तो बंधनकारक असतो. त्यावर विद्यार्थी, पालक आणि इथल्या ज्युनिअर कॉलेजचे समुपदेशक अशा तिघांच्या सह्या लागतात. निवड झाली की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. कॉर्नेल, ब्राऊन, कोलंबिया, डार्टमथ इथे ही पद्धत आहे. अर्ली अ‍ॅक्शनमध्ये निकाल लवकर लागतो, पण बंधन नसतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्डचा अर्ली अर्जही बंधनकारक नाही. मात्र त्यासोबत अमेरिकेतल्या दुसऱ्या खासगी विद्यापीठाला अर्ली भरता येत नाही. सरकारी विद्यापीठांचा बंधन नसलेला फॉर्म चालतो, तेव्हा पर्ड्यू किंवा इलिनॉय सोबत भरून ठेवावं.

आता पैशाचं. मोठ्या खासगी विद्यापीठांत राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च 85 ते 95 हजार डॉलर, म्हणजे पाऊण कोटीच्या घरात. अर्ली डिसिजनमध्ये निवड झाली तर दुसऱ्या कुणाची ऑफर हातात नसते, त्यामुळे तुलना करता येत नाही. विद्यापीठाची आर्थिक मदत अपुरी पडली तर बंधनातून सुटता येतं, पण ते डिसेंबरात, घरात रडारड झाल्यावर. घोडबंदरच्या फ्लॅटचं कर्ज, गावचा सातबारा, फॉर्म 16, आयटी रिटर्न हे सगळं समोर ठेवून वर्षाला किती झेपेल तो आकडा ऑगस्टमध्येच कागदावर लिहा. मदत लागणार असेल तर परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न बघता निवड करणारी विद्यापीठं आधी पाहा: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ. इतर बहुतेक ठिकाणी मदत मागितली की निवड अवघड होते. तरीही गरज लपवू नका. अर्जात मागितली नाही तर पुढे चारही वर्षं मदत न देणारी विद्यापीठं बरीच आहेत.

अर्लीत निवडीचं प्रमाण दुप्पट-तिप्पट दिसतं, त्याला भुलू नका. त्या आकड्यात आधीच हेरून ठेवलेले खेळाडूही असतात. मार्क आणि सॅट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर त्या विद्यापीठाने घेतलेल्या मुलांच्या मधल्या पट्ट्यात बसत नसेल, तर अर्ली भरल्याने तो बसणार नाही.

आपल्याकडे घोळ होतो तो कागदांत. नववी-दहावीचे मार्क शाळेकडे, अकरावीचे ज्युनिअर कॉलेजकडे, आणि चारही वर्षांचा रेकॉर्ड एकत्र पाठवायचा असतो. बऱ्याच ज्युनिअर कॉलेजांत समुपदेशकच नसतो. मग ते काम प्राचार्यांनी किंवा वर्गशिक्षकांनी करायचं. त्यांना कॉलेजचा अधिकृत ईमेल लागतो, खासगी जीमेलवरून आलेल्या शिफारशीवर शंका घेतली जाते. बहुतेक अर्लीची मुदत 1 नोव्हेंबर, आणि दिवाळीची सुट्टी त्याच सुमारास. म्हणून शिफारसपत्रं आणि मार्कशीट सप्टेंबरअखेर मागून घ्या. कार्डावर परदेशी व्यवहार आधीच सुरू करून ठेवा, नाहीतर शेवटच्या रात्री अर्जाची फी अडकते.

निकाल डिसेंबरच्या मध्यावर येतो. नकार आला तर अर्ली डिसिजनची दुसरी फेरी असते; एनवाययू (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी), शिकागो, व्हँडरबिल्ट यांच्याकडे ती आहे आणि मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास. जेईई मेनचं पहिलं सत्रही जानेवारीतच. त्यामुळे दुसऱ्या फेरीचे निबंध नोव्हेंबरातच लिहून ठेवा.