अंतराळात जायचंय? आधी चूल पेटते का बघा

हुशारी यादीत खाली टाका. कुठल्याही ग्रहावरच्या जिवांना अंतराळात जायचं असेल, तर पहिली तपासणी चुलीची. आपल्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन आहे म्हणून सरपण जळतं; तो पंधरा-सोळा टक्क्यांच्या खाली गेला की मेणबत्तीसुद्धा विझते. आग नाही तर भट्टी नाही, आणि भट्टी नाही तर धातू नाही. तांबं वितळायला 1,085 अंश सेल्सिअस लागतात, तेही नुसत्या चुलीवर होत नाही, भाता मारावा लागतो. पाण्याखाली हे सगळं करून दाखवा बघू.

म्हणूनच मला ऑक्टोपसची दया येते. आठ हात, बरणीचं झाकण फिरवून उघडण्याइतकी अक्कल, सुमारे 50 कोटी चेतापेशी, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त हातांमध्येच. पण बिचारा बहुतेक वेळा एक-दोन वर्षंच जगतो. मादी अंडी राखत उपाशी बसते आणि पिल्लं बाहेर पडतात त्या सुमारास मरते. तिने जे काही शिकलं ते तिच्याबरोबर गेलं. तेव्हा दुसरी तपासणी: आजी आणि नात एकाच वेळी जिवंत असतात का? असल्या तर पुढे लिपी, पाढे, शाळा हे ओघाने येऊ शकतं.

आकाश दिसतं का, तेही पाहून घ्या. शुक्रासारखं कायम ढगांनी झाकलेलं असेल तर वर जाण्यासारखं काही आहे हेच कुणाला सुचायचं नाही.

मग ग्रहाचं वजन. इथे घाई करू नका, बरेच जण इथेच अडकत असतील. पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत फिरत राहायचं तर सेकंदाला साधारण 7.8 किलोमीटर वेग हवा, कायमचं सुटायचं तर 11.2. रशियातल्या कालुगा गावातले शाळामास्तर त्सिओल्कोव्स्की यांनी 1903 साली याचं गणित छापलं. त्यातली गोम अशी, की जादा इंधन घेतलं की ते उचलायला आणखी इंधन लागतं. एसटीने गावाला जाताना मागे डिझेलचा टँकर ओढत न्यावा, तसं. चंद्रावर माणसं नेणारं सॅटर्न-५ निघताना सुमारे 2,900 टनांचं होतं. समुद्रात परत उतरलं ते जेमतेम पाच टनांचं यान. पृथ्वी आणखी बरीच जड असती, तर जाळायच्या इंधनावर आपण जमिनीवरच बसलो असतो.

शेवटची तपासणी भांडणांची. 4 ऑक्टोबर 1957 रोजी 83.6 किलोचा स्पुत्निक हा पहिला कृत्रिम उपग्रह वर नेणारं सोव्हिएत आर-७ रॉकेट मुळात अणुबॉम्ब दुसऱ्या खंडात टाकायला बनवलं होतं. ज्या यंत्राने वर जायचं, त्याच यंत्राने शेजारी बेचिराख करता येतो, आणि तरीही तो करायचा नाही. या ओळीपुढे आपल्या स्वतःच्या यादीतली खूणही अजून पेन्सिलनेच केलेली आहे.